तिघींचे रोडगे

छाया आठ वर्षांची होईस्तोवर उर्मिलाच्या पदराचं एक टोक कधी कोरडं राहिलं नाही. घरी पाहुणे आले की पोरगी ते टोक तोंडात धरून आईच्या मागे उभी राहायची, आणि पाहुणे गेले की हळूच पुढे येऊन विचारायची, "गेले?" सौंसरच्या बाजारात बाया म्हणत, मोरेश्वर कापडवाल्याच्या बायकोनं पोरगी पदराला टाचून घेतली आहे. उर्मिला हसून सोडून द्यायची. आतून मात्र तिला काळजी होती, कारण आईचा पदर काही जन्माला पुरत नाही.

शाळेतही तीच गत. हजेरीत नाव आलं की छाया जमिनीकडे पाही आणि शेजारची मुलगी सांगे, "आली आहे, बाई."

मागल्या साली राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबईकडे गेलं, सौंसर-पांढुर्णा भोपाळकडे राहिलं. उर्मिलाचं माहेर काटोलचं, म्हणजे ती बसल्या जागी परराज्यात गेली. राखीला आलेला भाऊ तिला "काय व परदेशी बाई" म्हणून चिडवून गेला होता. पण त्याच साली मुलींच्या शाळेत रजनीबाई आल्या, आणि उर्मिलाच्या हिशेबी भोपाळ-मुंबईपेक्षा ती गोष्ट मोठी ठरली.

रजनीबाई जवळच्या रामाकोना गावच्या. छोट्या लाईनच्या गाडीनं रोज यायच्या, गळ्यात शिट्टी, पायात पुरुषी वहाणा. आवाज असा की धावत्या गाडीलाही थांबावंसं वाटावं. आल्या आल्या त्यांनी खो-खोची टीम काढली. नऊ पोरी लागतात, आठ मिळाल्या. नववी म्हणून त्यांनी छायाला हाताला धरून मैदानात नेलं आणि रांगेत बसवलं.

खो-खोत बसून राहणं हाही खेळच असतो. तेवढा भाग छायाला झकास जमला. उकिडवी बसून, मातीकडे पाहत, ती तासभर हलायची नाही. घोटाळा पुढे होता. धावणारीनं मागून येऊन पाठीवर थाप मारायची, "खो" म्हणायचं, की बसलेलीनं तीरासारखं सुटायचं आणि समोरच्या पोरीला गाठायचं. छायाच्या पाठीवर थाप पडली की ती मागे वळून पाही. "मी?" असं तिच्या चेहऱ्यावर येई. तोवर पळणारी पोरगी दुसऱ्या खांबाशी जाऊन हसत उभी.

उर्मिला हे सगळं कुंपणाबाहेरून पाही. धाकटा गजानन कडेवर, हातात भाजीची पिशवी, आणि पाय निघत नसत. एक दिवस रजनीबाईंनीच तिला हाक मारली.

"छायाची आई ना तुम्ही? पोरगी धावते छान. फक्त उठत नाही."

"घरीही तसंच आहे बाई," उर्मिला ओशाळून म्हणाली. "कोणी हाक मारली तरी तिले वाटते, दुसऱ्याच कोणाले बोलावून राहिले."

"मग घरी खो देत जा," रजनीबाई म्हणाल्या आणि शिट्टी फुंकत निघून गेल्या.

बाई थट्टेनं बोलल्या असतील, पण उर्मिलानं ते शब्द पदरात बांधून घरी नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी छाया चुलीपुढे शेकत बसली होती. उर्मिलानं कणकेच्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली, "खो, पाण्याची बादली." छायानं वळून पाहिलं. "मागे पाहू नको. ऊठ." दिवसभर हेच. खो, बाबाले जेवाले हाक मार. खो, गजू पायरीवर गेला. छायाला आधी हसू यायचं, मग हसता हसता ती उठायला लागली, आणि दिवाळीच्या सुमारास अशी झाली की "खो" शब्द पुरा व्हायच्या आत पोरगी उंबऱ्याबाहेर.

घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे देवकाबाई, उर्मिलाच्या सासूबाई. उर्मिला त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांना हा प्रकार मुळीच पटला नव्हता.

"पोरीच्या जातीले गुडघे असतात ते झाकून ठेवाले," त्या म्हणत. "फोडून घेतले तर उद्या सोयरीक कोण करन? आणि तुम्ही मायलेकी घराचं मैदान करून राहिल्या."

पण सोय कोणाला नको असते? एका दुपारी अंगणातल्या वाळवणावर गाय आली आणि देवकाबाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "खो!" छाया माजघरातून सुटली ती गाय पार गल्लीच्या टोकाला नेऊन सोडली. त्या दिवसापासून म्हातारीला चटकच लागली. जागेवरून न उठता, नुसत्या एका खोवर पानाचा डबा येऊ लागला, चष्मा येऊ लागला. एकदा तर त्यांनी दुकानातून नुकत्या घरी आलेल्या मोरेश्वरलाही खो दिला, आणि तो बिचारा वहाणा न काढताच तेल आणायला परत गेला.

तरी त्यांनी आपला हेका सोडला नाही. तहसिलीची मॅच संक्रांतीआधी होती, सौंसरच्या आणि पांढुर्ण्याच्या मुलींची, सौंसरलाच. पूर्वी जिंकणारी टीम नागपूरला जायची, आता छिंदवाड्याला जाणार होती.

"ही मॅच खेळू दे," देवकाबाईंनी सुनेला बजावलं. "हारल्या तर खेळ तिथंच बस. मंग पोरगी घरात राहीन, शिवण शिकन. छिंदवाडा-बिंदवाडा मले सांगू नको."

"आणि जिंकल्या तर?"

"जिंकल्या तं मंग पाहू," देवकाबाई म्हणाल्या, ज्याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता.

मॅचआधीच्या शनिवारी सासू-सून जामसांवलीला गेल्या. देवकाबाई वर्षातून दोन-तीनदा तिथल्या मारुतीला जात, पण या वेळी त्यांनी आपणहून विषय काढला याचं उर्मिलाला जरा नवल वाटलं. मारुती आडवा, निवांत पहुडलेला. लोक वाकून त्याच्या कानाशी लागल्यासारखे बोलत. उर्मिलानं वाटेत नवस पक्का केला होता: सौंसर जिंकू दे. पण हात जोडले आणि डोळ्यांपुढे मैदान आलं, रांगेत बसलेली छाया आली, तिचं ते मागे वळून पाहणं आलं, आणि ओठांतून भलतंच निघालं. माझी पोरगी चारचौघांत उठू दे, बाप्पा. खो मिळाला की उठू दे. रोडगे करीन तुझे.

तोंडातून गेलेला नवस परत घेता येत नाही. रोडगे तर रोडगे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. देवाच्या दारात चूल मांडून करायचे आणि येईल त्याला वाढायचे.

देवकाबाईही शेजारी डोळे मिटून पुटपुटत होत्या. बराच वेळ पुटपुटत होत्या.

"काय मागतलं, आत्याबाई?"

"नवस सांगत नसतात," त्या म्हणाल्या आणि उगाच पदर सारखा करत बाहेर गेल्या.

एवढ्यात उर्मिलाच्या दुसऱ्या बाजूनं एक ठणठणीत आवाज आला. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात नारळ घेतलेली एक कुणबीण देवाला अगदी समजावून सांगत होती. "माही परतिभा सौंसरच्या पोट्ट्यांले हारवू दे, देवा. रोडगे करतो. आणि खालच्या वाफ्यात पाणी टिकू दे, पण ते मंग पाहू, पहिले परतिभाचं पाहा."

उर्मिलाला हसू आवरेना. बाई वळली.

"हसता काय व, बाई?"

"मी सौंसरची आहे," उर्मिला म्हणाली. "माझी छाया त्याच मॅचमध्ये आहे."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग एवढ्या मोठ्यानं हसली की पुजाऱ्यानं मान वर केली. "म्हंजे एकाच देवाच्या दोन्ही कानात आपण दोघी? आता तो कोणाचं ऐकन, बाप्पा?"

तिचं नाव वच्छला. पांढुर्ण्याकडची, घरी संत्र्याचा बगीचा. नारळ फोडून तिनं अर्धी वाटी उर्मिलाच्या हातावर ठेवली. "घ्या. मॅचच्या दिवशी मंग तोंड पाहू नका माह्यं."

मॅचच्या दिवशी सगळं सौंसर बाजारामागच्या मैदानावर लोटलं होतं. संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या उलट्या घालून बायांनी जागा धरल्या होत्या. पांढुर्ण्याच्या पोरी मोटारीनं आल्या, सोबत वच्छला आणि तिची संत्र्यांची टोपली. पंच छिंदवाड्याहून आलेले, हिंदी बोलणारे गृहस्थ. देवकाबाई "मी कायले येऊ?" म्हणत म्हणत सगळ्यांत पुढच्या पेटीवर येऊन बसल्या होत्या.

पहिल्या डावात सौंसरच्या पोरी धरायला बसल्या. परकर खोचलेले, वेण्या वर बांधलेल्या. समोर पळायला आली वच्छलाची प्रतिभा, काळीसावळी, काटकुळी, सरड्यासारखी चपळ. ती रांगेतून अशी निघायची की हात तिच्या सावलीलाच लागायचा. शेवटी सौंसरच्या एका उंच पोरीनं तिला खांबाशी कोंडलं. आता लागली, आता लागली असं झालं. मैदान श्वास धरून बसलं.

आणि त्या शांततेत, देवकाबाई पेटीवरून अर्ध्या उठल्या आणि भान विसरून ओरडल्या, "खो!"

तो आवाज छायाच्या हाडामासात मुरला होता. पाठीवर थाप नाही, मागे कोणी नाही, तरी ती सुटली. सरळ जाऊन त्या उंच पोरीवरच आदळली. दोघी मातीत. प्रतिभा खांबाला वळसा घालून पसार. शिट्टी वाजली.

पंच सावकाश चालत बायांच्या रांगेशी आले. हात जोडून म्हणाले, "दादीजी, आप भी टीम में हैं क्या?"

मैदान हसून हसून लोळलं. देवकाबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. वेळ संपली तेव्हा प्रतिभा तशीच बाद न होता परत गेली.

उर्मिलाचं लक्ष मात्र मैदानाच्या मध्ये होतं. छाया उभी होती, कोपराला खरचटलेलं, आणि सगळं गाव हसत होतं. पोरीची नजर आईला शोधत फिरली आणि सापडल्यावर थांबली. उर्मिलाचा हात आपसूक पदराकडे गेला. छायाचं ते नेहमीचं टोक तिच्या मुठीत आलं. वाटलं, जावं, घेऊन यावं पोरीला. मग तिनं काय केलं, तर पदर कमरेला घट्ट खोचून टाकला आणि गजूला उगाचच दुसऱ्या कडेवर घेतलं.

छायानं ते पाहिलं. कोपरावरची माती झटकली. आणि तीही हसली, आजीकडे बोट दाखवून, आपल्यावरच हसणाऱ्या लोकांबरोबर हसली, आणि जाऊन आपल्या जागी बसली.

उर्मिलाच्या मनात आलं, देवा, एवढंच पुरे होतं. मॅच इथेच संपली तरी चालेल.

पण मॅच काही आयांच्या मनाप्रमाणे संपत नाही. शेवटच्या डावात पुन्हा सौंसर धरायला, पुन्हा प्रतिभा पळायला, आणि पांढुर्णा दोन गड्यांनी पुढे. पंच घड्याळाकडे पाहू लागले. छायाच्या पाठीवर थाप पडली, खरी थाप, "खो". तिनं वळून पाहिलं नाही. ती उठली ती थेट, प्रतिभा हुलकावणी देऊन वळायच्या आत, पुढे झेपावली. तोंड मातीत आणि बोटं प्रतिभाच्या घोट्यावर.

ज्या पोरीला दोन वर्षांत कोणी बाद केलं नव्हतं ती उभी राहून स्वतःच्या पायाकडे पाहत राहिली. वच्छलाच्या हातातलं सोललेलं संत्रं खाली पडलं. लगोलग लांब शिट्टी झाली.

उर्मिला डोळे पुसत शेजारणीला विचारत होती, "कोण जिंकलं?"

"पांढुर्णा, एका गड्यानं," शेजारीण म्हणाली. "तुह्या सासूच्या खोनं गेला तोच तो गडी."

रजनीबाई छायाला घेऊन आल्या. पोरीच्या नाकाला माती आणि तोंडभर हसू. "छिंदवाड्याला तहसिलीची टीम जाते," बाई म्हणाल्या. "जिंकलेल्यांच्या बहुतेक, पण हरलेल्यांतल्याही दोघी घेतात. पंचांनी पहिलं नाव हिचं सांगितलं. घरून हो म्हणा म्हणजे झालं."

उर्मिलानं सासूबाईंकडे पाहिलं. हारल्या तर खेळ बस, ही अट गल्लीतल्या गायीलाही माहीत होती. देवकाबाई पेटीवरून उठल्या आणि घरची वाट धरली.

पुढचे काही दिवस घरात खो झाला नाही. देवकाबाई स्वतः उठून पानाचा डबा घेत. छाया विचारी, "आई, मी जाऊ ना?" आणि उर्मिला म्हणे, "आजीले विचार," आणि छाया, जी पंचांपुढे हसली होती, ती आजीपुढे गप्प. मोरेश्वरनं एकदा विषय काढून पाहिला. "माय, पोरगी म्हणून राहिली..." "तुले दुकान नाही का?" एवढ्यावर तो दुकानात गेला.

मग एका सकाळी देवकाबाई म्हणाल्या, "शनिवारी जामसांवलीले जाऊ. रोडगे कराचे आहे."

उर्मिला चपापली. आपला नवस यांना कसा कळला? "मी कोणाले बोलली नाही, आत्याबाई. पण माझा नवस फळला. मी छाया उठावी म्हणून मागतलं होतं, जिंकाचं मागतलंच नाही."

"तुहा असन," देवकाबाई म्हणाल्या. "मी माह्या नवसाचं सांगून राहिली."

"तुमचा कोणता? आपण तर हारलो."

देवकाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला आणि गहू निवडायला घेतले. निवडलेलेच गहू होते ते.

शनिवारी बैलबंडीत कणीक, वांगी, तुपाची बरणी, गोवऱ्या, दोन्ही पोरं आणि सासू-सून. उर्मिलाच्या सांगण्यावरून रजनीबाईही टीमच्या पोरींना घेऊन आल्या. शिकवणाऱ्या बाईला कसं काय सांगायचं, की तुम्ही माझी लेक मला नव्यानं दिली? ते शब्द उर्मिलाला जमले नसते. पहिला रोडगा त्यांच्या पानात वाढायचा, तुपाचा हात सैल सोडायचा, एवढं तिनं ठरवलं होतं.

तिथं पोचून पाहतात तर पिंपळाखाली आधीच धूर. हिरवं लुगडं खोचून वच्छला कणीक मळत होती आणि भोवती पांढुर्ण्याच्या सगळ्या पोरी.

"या, या, हारलेल्या बाया या," वच्छला म्हणाली. "माहा नवस फळला, मी आली. तुम्ही कायले आल्या?"

"माझाही फळला," उर्मिला म्हणाली आणि सांगितलं.

"हाव? म्हंजे देवानं दोघींचंही ऐकलं. लय हुशार आहे व हा, नुसता दिसते झोपलेला." मग वच्छलानं देवकाबाईंकडे पाहिलं, त्या आपला वेगळाच विस्तव पेटवत होत्या. "आणि आजी, तुम्ही?"

देवकाबाईंनी गोवरी गोवरीवर रचली. फुंकर घातली. धूर डोळ्यांत गेला, निदान त्यांनी डोळे त्यासाठी पुसले.

"मी सौंसर हारू दे म्हणून मागतलं होतं," त्या म्हणाल्या.

छायाच्या हातातली वांग्याची फोड तशीच राहिली.

"म्या म्हटलं, हारल्या का पोरगी घरी राहीन. एवढंच. आता मैदानावर जाऊन आपल्याच तोंडानं आपणच हारवू, हे कोणाले माहीत? त्या टायमाले माह्या मनात नवस होता का? नव्हता. पोरगी धरली पाहिजे, एवढंच होतं." त्यांनी विस्तवाला आणखी एक फुंकर घातली. "म्या मागतलं ते देवानं माह्याच तोंडातून करून घेतलं. घ्या आता रोडगे."

वच्छलाला हसू आलं आणि तिनं ते कणकेत दाबून टाकलं. उर्मिला वांगी चिरत राहिली. शेवटी छायाच पुढे आली. आईच्या मागे नाही, सरळ आजीपुढे उभी राहिली.

"आजी, मी छिंदवाड्याले जाऊ?"

देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कोपरावरची खपली अजून गेली नव्हती. गुडघाही फुटलेलाच होता.

"मी मारुतीले मॅच हारवाची मागतली होती," त्या सावकाश, देवाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "ते झालं. त्याचे रोडगे झाले का देवाचं अन् माह्यं मिटलं. पोरीनं पुढं खेळू नये असं मी त्याले बोलली नाही. नवसात जेवढं म्हटलं तेवढंच धरते तो, जास्तीचं धरत नाही." मग त्यांनी एक गोळा वळून विस्तवाकडे सारला. "आणि सुनबाईले बोलली ते वेगळं. सुनबाई काही देव नाही."

"नाही, आत्याबाई," उर्मिला म्हणाली.

जेवणं उन्हं कलेपर्यंत चालली. तिघींचे रोडगे एकाच ढिगात पडले, कोणते कोणाच्या नवसाचे ते कोणालाच ओळखू येईना. रजनीबाईंच्या पानात उर्मिलानं एवढं तूप ओतलं की त्या म्हणाल्या, "छायाची आई, मला संध्याकाळची गाडी धरायची आहे." उर्मिलानं नुसतं "घ्या हो" म्हटलं. रजनीबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग मुकाट्यानं सगळं खाल्लं.

पोरींचे पाय कुठे स्वस्थ बसणार. मोकळ्या जागेत रांग बसली, सौंसर आणि पांढुर्णा मिसळून, छायाशेजारी प्रतिभा. "एक कमी पडते," रजनीबाई ओरडल्या.

उर्मिला शेवटची कणीक आवरत होती. तेवढ्यात तिच्या पाठीत अशी थाप बसली की हातातली परात निसटली.

"खो," देवकाबाई म्हणाल्या. "जा. गजूले मी पाहतो."

"मी, आत्याबाई? लुगड्यात?"

"लुगड्याले काष्टा कायले असते मंग?"

वच्छलानं टाळ्या पिटल्या. उर्मिला लाजत, कणकेचे हात झाडत गेली आणि पोरींच्या रांगेत उकिडवी बसली. समोर माती, बाजूला परकरांची सळसळ. लहानपणी काटोलला ती असं कधी बसली असेल का, ते तिला आठवेना. मागून धावती पावलं आली आणि पाठीवर एक छोटासा, ओळखीचा हात आपटला.

उर्मिलानं मागे वळून पाहिलं. "मी?"

"मागे पाहू नको, आई," छाया म्हणाली. "ऊठ."